इनासच्या गाड्यावर, साठ रुपयांत

बायणाच्या उतारावर, रेशन दुकानाच्या बंद शटरसमोर
सात वाजता गाडा लागतो.
पाटीवर पूर्वी 'रस ऑम्लेट' होतं.
त्यावर निळ्या ऑइलपेंटने 'पास्ता' लिहिलं,
पण खालचा 'रस' अजून पुसट दिसतो,
म्हणून नवखे विचारतात, रस-पास्ता म्हणजे काय?
इनास म्हणतो, खावन पळय.

मी बंदरावर वजनकाट्याच्या केबिनमध्ये पावत्या फाडते.
ट्रक आधी भरलेला मोजायचा, मग रिकामा,
वजाबाकी करायची, सही घ्यायची.
पंचवीस तारीख उलटली
की माझीही वजाबाकी सुरू होते,
आणि साठ रुपयांत पोट भरेल असं
या उतारावर दुसरं काही नाही.
इथेही हातात काटाच,
पण प्लास्टिकचा, एक दात मोडलेला.

पास्ता म्हणजे आखूड नळ्या,
दुपारीच उकडून, तेल चोळून
स्टीलच्या डब्यात ठेवलेल्या.
तव्यात लसूण पडला की शेजारच्या सलूनमधली गिऱ्हाइकं
साबण लावलेल्या गालांनी वळून बघतात.
टोमॅटो, मिरची, चमचाभर माडाचं विनेगार,
वरून चुरलेला चोरीस.
सोमवारी माझ्या बशीत तो नसतो.
मी कधी सांगितलं नाही.
त्याने कधी विचारलं नाही.

सगळा उतार म्हणतो, इनास बोटीवर शेफ होता,
अठरा वर्षं, इटली, नॉर्वे, आणखी कुठे कुठे.
उंच पांढऱ्या टोपीतला फोटोही आहे
सिलिंडरच्या मागे, तेलकट प्लास्टिकमध्ये.

काल वीज गेली तेव्हा शेवटचं गिऱ्हाईक मी.
त्याने डब्याच्या झाकणावर मेणबत्ती चिकटवली
आणि फोटोकडे न बघताच म्हणाला,
टोपी दुसऱ्याची.
मी बशा धुवायचो, बाय.
अठरा वर्षं, तळमजल्याच्याही खाली,
जिथून समुद्र दिसत नाही, फक्त हलतो.
शिजताना कधी पाहिलंच नाही.
उरलेलं तेवढं पाहिलं.
कुठला सॉस बशीला धरून बसतो,
कुठला नुसत्या पाण्याने सुटतो,
लोक काय कडेला सारतात,
कशाचा थेंबही मागे ठेवत नाहीत.
तिथून उलटं मोजत मोजत
आलो लसणापर्यंत.

मी काही बोलले नाही.
पावतीपुस्तक पर्समध्ये होतं,
उगाच त्याच्यावरून हात फिरवला.

घरी येऊन अकरा वेळा चुकलो, तो म्हणाला.
बाराव्या वेळी फिलूने पोयचा तुकडा बशीभर फिरवला
आणि मिठाची बरणी
गुपचूप परत फळीवर ठेवून दिली.
फिलू कुठे असते हल्ली?
कुवेतला. लेकीच्या बाळंतपणाला.
रोज फोनवर विचारते, मीठ बरोबर पडतंय ना?

वीज आली.
सलूनमधला पंखा खडखडला, कुणीतरी उगाच टाळ्या वाजवल्या.
खाली धक्क्यावर एक पांढरी बोट उभी होती,
मजल्यावर मजले, सगळे दिवे लागलेले,
पाण्याला टेकलेल्या पट्टीत मात्र एकही नाही.
मी त्या पट्टीकडे बघत
पावाच्या शेवटच्या तुकड्याने बशी पुसून घेतली.

शंभराची नोट दिली.
म्हटलं, ऐंशीला सहज खपेल रे, सगळेच वाढवतायत.
त्याने चाळीस परत केले.
बोटीवर सगळ्यात महाग जी बशी असायची ना,
म्हणाला, तिच्यातच सगळ्यात जास्त उरायचं.

मग माझी बशी बल्बसमोर धरली,
डॉक्टर एक्स-रे धरतो तशी,
तिरकी करून, उलटी करून.
काही सापडलं नाही.
तरी बादलीत बुडवून
दोनदा धुतली.

आज सोमवार.
पगाराला अजून चार दिवस आहेत.