सहावं रीळ

साकीनाक्याच्या मागं, खोकी छापणाऱ्या कारखान्याच्या तळघरात
आमचा समुद्र आहे.
एक पत्र्याचा टब, दोन ओली गोणपाटं,
वेताची मोडकी खुर्ची; ती कुरकुरली की होडी वळते.
बावीस वर्षं मी इथं
इतरांच्या अंगाचे आवाज करते.

या खेपेचं अंग धर्माजी भानजीचं.
मढचा. इंजिन बंद पडलं, नऊ दिवस,
सोबतचा पोरगा चौथ्या रात्री गेला.
एवढंच छापून आलं होतं, आतल्या पानावर,
खाली कुकरची जाहिरात.

नोशिरनं पहिल्याच दिवशी सांगितलं,
कॅमेरा होडीच्या काठावर चढणार नाही.
वरून बघणारं त्याला कुणी नव्हतं,
मग आपण कोण?
म्हणून अख्ख्या सिनेमात एकदाही
समुद्र पुरता दिसत नाही.
दिसते एक फळी. फळीत खिळा.
खिळ्याची सावली आखडते, नाहीशी होते,
दुसऱ्या अंगाला फुटते.
झाला एक दिवस.
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा
माझ्या हातातलं गोणपाट तसंच गळत राहिलं,
पाय भिजले तेव्हा कळलं.

पोरगा गेला, तेही नाही दाखवलं.
होडी उपसणारे दोन डबे, दोन्ही चालू.
कल्पितानं तिथं कट मारला.
आता एकच डबा चालतोय.
दुसरा तळाशी
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
तो घरंगळणारा डबा माझा.
तुपाचा, आईच्या वेळचा, एका बाजूनं चेपलेला.
चेपलेल्या बाजूवर आला की क्षणभर थांबतो,
काही आठवल्यासारखा.
हे मी केलं नाही. डब्यानं केलं.

सुटकेचं जहाजसुद्धा नाही.
तोंडावर फक्त सावली पडते
आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा
त्याचे डोळे पूर्ण उघडतात.
तिथली व्हायोलिनं एग्नेलोनं काढून टाकली,
निर्मात्याशी भांडून,
दोन दिवस जेवला नाही, मग जिंकला.

गेल्या मंगळवारी धर्माजी आला, बायकोला घेऊन.
चपला दाराबाहेर काढल्या दोघांनी.
आम्ही त्याच्याकडे बघत होतो,
तो पडद्याकडे कमी, आपल्या गुडघ्यांकडे जास्त.
जानकीबाई मात्र पापणी न लववता.
सिनेमात ती पाचच वेळा येते, रात्रीची,
त्याच्या ताटावर झाकण ठेवते, दिवा घालवते.
बाकी काही नाही. रडणं नाही.
उजेड झाल्यावर तिनं मला विचारलं,
"ह्यो झाकनाचा आवाज माझे घरशी आनलास काय गो?"
नाही म्हटलं, माझ्याच घरचं झाकण.
तिनं मान हलवली. "मग तुजंबी कोन तरी येत नवतं."
एग्नेलो उगाच वायरी गुंडाळू लागला.

धर्माजीनं पाणी मागितलं.
स्टीलचा पेला, काठोकाठ.
सवयीनं माझा कान त्याच्या गळ्याशी गेला;
सहाव्या रिळात, जहाजावरचं पहिलं पाणी,
तिथं मी जीव ओतला होता,
रबरी पिशवी पिळून, घटाघटा,
अख्खं थिएटर तहानेनं उठेल असा.

त्यानं घोट घेतला
आणि तोंडातच ठेवला.
गाल किंचित फुगलेले, डोळे मिटलेले.
घड्याळात बघितलं नाही, पण फार वेळ.
गिळला कधी, ते मला ऐकू आलं नाही.
मला.
मग दुसरा. तसाच.
पेला संपेपर्यंत तळघरात कुणी बोललं नाही,
पेला त्यानं खाली ठेवला तोही आवाज न करता.

ते गेल्यावर मी एग्नेलोला म्हटलं,
सहावं रीळ लाव.
माझं पाणी काढून टाक.
सगळं? त्यानं विचारलं.
सगळं.