आकडी

सुरीचं म्यान उन्हानं तडकलं.
सुरी धड होती. चार इंची पातं, लाकडी मूठ,
सोहारच्या बाजारात घासाघीस करून घेतलेली.
नवं म्यान मागवावं तर सुरीहून महाग,
म्हणून गुरुवारी रात्री
वर्कशॉपातून हीट गन उसनी आणली
आणि दीड इंची पाइपाचा वीतभर तुकडा.

पाइप तापला की आधी नुसता चकाकतो,
मग एकाएकी सांगितलेलं ऐकू लागतो.
पातं वर्तमानपत्रात गुंडाळून आत सरकवलं,
वरून पोळपाट, पोळपाटावर मी.
रोडेल दारात, नाक दाबून:
आज जेवायला हे आहे का?
पोळपाट त्याचा नाही, माझाही नाही,
आधीचा भाडेकरू ठेवून गेलेला.

प्रश्न दोरीचा होता.
जाळी विणायची हिरवी नायलॉन, नऊ हात,
मासळीबाजारामागच्या शाहदादकडची.
पैसे घेतले नाहीत त्यानं, संध्याकाळ घेतली.
चार भोकं पाडणार म्हटलं तर म्हणाला, दोन पुरतात.
ओल्या बोटांनी एक गाठ दाखवली,
तिचं बलोची नाव दोनदा सांगितलं,
दोनदा माझ्या हातून निसटलं.
मग मी आपलीच नावं दिली:
म्यानाशी निरगाठ,
पट्ट्याशी सुरगाठ,
म्हणजे चालताना हलायला नको
आणि वेळ आली की एका ओढीत सगळं हातात.

कमरेला बांधून आरशात पाठ पाहिली
तर तिथे धाकू पाडेली.
कमरेच्या दोरीला आकडी, आकडीत कोयती,
पावलागणिक ढुंगणावर टकटक.
माडावर हात मोकळे हवेत, म्हणायचा,
तोंडातली विडी न काढता.
मला बांध ना एकदा, म्हटलं होतं मी.
आधी माड चढ, म्हणाला.
मी चढलो नाही.
मी डिप्लोमा केला.

शुक्रवारी वादी हिबी.
कुणीतरी माती चाळून नेली आहे
आणि खडे तेवढे मागे ठेवलेत, असे डोंगर.
एक शेळी वरच्या कपारीतून आमच्याकडे बघत
कागद खात होती. कागद कुठून आणला, देव जाणे.
अकराच्या सुमाराला रोडेलच्या बुटाचा सोल सुटला.
गोंद वितळलेला; पाऊल उचललं की बूट जांभई द्यायचा.
गाडी दोन तास मागे.

मी सुरगाठ ओढली.
एका ओढीत सगळं हातात, शाहदादचा शब्द खरा.
निरगाठ मात्र सुटेना,
नखांनी नाही, दातांनी नाही.
शेवटी सुरीनं आपलीच दोरी कापली.
दिवसभरात तिनं एवढंच काम केलं,
आणि एक संत्रं.

टाचेखालून घोट्यावर, पुन्हा टाचेखालून,
बूट हिरवा होईपर्यंत गुंडाळला.
जाळ्यात पाय सापडल्यासारखा रोडेल पुढे,
मागे मी.
सुरी टॉवेलात, टॉवेल पिशवीत,
रिकामं म्यान मांडीला टोचत.
हात मोकळे होते दोन्ही.
चढायला काही नव्हतं, उतारच होता.

आज शनिवार. दोरी धुतली, मोजली.
उरली सहा हात आणि एक वीत,
रंग हिरवा म्हणवत नाही आता.
गाठ आठवून पाहतोय.
तिसरा वेढा आतून घ्यायचा की बाहेरून?
पाचला होड्या लागतील.
जाऊन विचारतो,
आणि या खेपेला
नाव कागदावर लिहून घेतो.