मागचे पाय

आमच्या घराण्यात बोलायचं काम
कुणाच्याच वाट्याला आलं नाही.
थिओफिलस ऑग्डन, रॉचडेलच्या सूतगिरणीतून हाकललेला,
नाताळच्या खेळात कापडी घोड्यात शिरला.
पुढचे पाय तो.
मागचे पाय म्हणून आपला सेप्टिमस आत ओढला,
चौदा वर्षांचा, कमरेत वाकवून.

मागच्या पायांना काय दिसतं?
बापाचा कमरपट्टा. फळ्यांमधल्या फटी. खडूची एक खूण.
पोरं खिदळली की समजायचं,
शेपूट नीट हलली.

सेप्टिमस अठ्ठावीस वर्षं वाकलेला होता.
मग ओल्डहॅमला, एका मंगळवारी, मध्यंतरात
थिओफिलस गेला. आतल्या आत.
बुधवारी दोन खेळ होते.
सेप्टिमस पुढे सरकला,
आणि घोड्याच्या तोंडातून, बेचाळिसाव्या वर्षी,
पहिल्यांदा प्रेक्षक पाहिले.
पाय उचलायचाच विसरला.
लोकांना वाटलं, विनोद आहे.
टाळ्या पडल्या.

युद्धाने भाऊ नेले, तेव्हा मागे विनिफ्रेड आली.
सातव्या महिन्यापर्यंत वाकून नाचली.
त्या हंगामात घोड्याला सहा पाय होते, क्लिफर्ड म्हणायचे,
पण मोजतंय कोण.

क्लिफर्ड म्हणजे माझे वडील.
तेवीस वर्षं मी त्यांचा पट्टा धरला.
चेहरा आठवायला मला फोटो लागतो,
पाठ मात्र पाठ आहे.
शेवटच्या हिवाळ्यात त्यांनी पट्ट्याला
खिळ्याने नवी भोकं पाडली, आधी एक, मग आणखी दोन.
अंधारात मी ती बोटांनी मोजली.
विचारलं नाही.
घोडा बोलत नसतो.

आता पुढे मी.
घोड्याच्या तोंडातून रिकाम्या खुर्च्याही दिसतात,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
माझा मुलगा लीड्सला दातांचा डॉक्टर आहे;
आमच्या घोड्याचे दात बघून हसतो, आणि बरोबरच हसतो,
ते लाकडी आहेत, तीन पडलेत.
मागे कॉलेजातला एक पोरगा असतो, तासावर.
पट्टा दोन बोटांनी धरतो, अदबीने,
जणू उधारीचा आहे.

काल पडदा सरकायच्या आधी
पाठीमागून कुजबुजला, आधी कुठला पाय?

डावा, म्हटलं.
आणि घट्ट धर रे.
मग मेण लावलेली दोरी ओढून
घोड्याची पापणी मिटली, उघडली.