पाणी दिले नाही

तीस वर्षं मी नदीची उंची वाचली.
पुलाच्या खांबावरचे आकडे, टॉर्च, वही,
फुटात आणि इंचात कृष्णा,
पावसाळ्यात दर तासाला.
निवृत्तीनंतर हातात आलं
औषधाच्या बाटलीचं झाकण.
तेवढंच पाणी, आठवड्यातून एकदा.
थंडीत तेही नाही.

जतच्या बसगोंडानं दिलं होतं रोप, रॉकेलच्या डब्यात.
"अडेनियम, आण्णा. नीरु कडिमे, बिसिलु हेच्चु."
पाणी कमी, ऊन जास्त.
मला वाटलं, गावाचं वर्णन करतोय.
खाली फुगलेलं खोड,
मिरजेत तंबोऱ्यासाठी वाळत घातलेल्या भोपळ्यासारखं,
वर चार काटक्या,
आणि काटक्यांच्या टोकाला कुणी चुकून चिकटवावीत तशी
पाच पाकळ्यांची गुलाबी फुलं.

शिकत गेलो.
माती त्याला नावापुरती हवी:
विटांचे तुकडे, कोळसा, जाड वाळू,
साखर कारखान्याची मूठभर राख.
कुंडी बदलताना दर वेळी बोटभर वर उचलायचं,
म्हणजे मुळं उजेडात येतात,
मांडी घालून बसल्यासारखी.
छाटलं की पांढरा चीक. विष आहे,
डोळे चोळायचे नाहीत.
मुजावरांची शेळी एकदा हुंगून गेली, पुन्हा फिरकली नाही.
डिसेंबरात सगळी पानं टाकतं.
येणारे-जाणारे विचारतात, गेलं का?
मी सांगतो, झोपलंय.

त्या वर्षी गावभागात पाणी चढलं तेव्हा
गॅस, कागदपत्रं, त्रिशलाचं शिलाई मशीन, सगळं वर नेलं.
अख्ख्या गल्लीला फोनवर फूट-इंच सांगत होतो मी,
आणि कुंडी परसातल्या कट्ट्यावर राहिली.
नऊ दिवस.

परतलो तर शेंड्याची पानं गाळानं माखलेली, पण हिरवी.
हिरव्यावर जाऊ नका, बसगोंडा म्हणायचा, अंगठ्यानं दाबून बघा.
दाबलं.
पिकल्या पपईत जावा तसा अंगठा आत गेला.

कापावं लागणार होतं.
आमच्या घरात कांदा येत नाही, बटाटा येत नाही,
जमिनीखालचं काही चिरलं जात नाही.
त्रिशला उंबऱ्यात उभी राहिली बराच वेळ.
मग म्हणाली,
"माझी विळी नाही. तुमचं काहीतरी घ्या, आणि अंगणात."
दाढीचं पातं. स्पिरिट.
तपकिरी, तपकिरी, अजून तपकिरी.
निम्मं खोड गेलं तेव्हा
ओल्या खोबऱ्यासारखा गर लागला
आणि चीक सुटला.
तिनं न विचारता हळदीचा डबा पुढे केला.
"वाळलेली आहे. ही चालते."

मच्छरदाणीच्या खिळ्याला उलटं टांगलं,
मुळं आढ्याकडे, एकवीस दिवस.
रात्री जाग आली की वाटायचं,
खोलीत कुणीतरी
डोकं खाली करून विचार करतंय.

खात्याची एक कोरी वही माझ्याकडे राहून गेली होती.
रकाने तेच: तारीख, वेळ, पातळी, शेरा.
पातळीच्या रकान्यात मी खोडाचा घेर लिहायला लागलो.
सात महिने एकच आकडा.
त्रिशला म्हणाली, शाई तरी वाचवा.
मग एका सकाळी कापाच्या कडेला कोंब,
तांबूस, भाताच्या शिताएवढा.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
ते मला कळलं नाही.

यंदा शेंगा धरल्यात,
जोडीनं, खिलारी बैलाच्या शिंगांसारख्या.
उकलल्या की बिया उडून जातात,
दोन्ही टोकांना कापसाचे झुबके असतात त्यांच्या,
म्हणून त्रिशलानं मशीनचा दोरा गुंडाळला.
एक शेंग तिनं तशीच सोडलीय.
मी विचारलेलं नाही.

धरणातून विसर्ग वाढवल्याचं रेडिओ सांगतोय.
कुंडी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर नेली.
अंगठ्यानं दाबलं. घट्ट.
घेर एक फूट दोन इंच.
शेरा: पाणी दिले नाही.