मागच्या वर्षी किती वेळा

विडी घरकुल, दुपारचे तीन.
माझ्या मांडीवर अकरा पानांचा तक्ता,
राजमणी गज्जमच्या मांडीवर सूप.
"पालेभाजी? रोज, आठवड्याला, महिन्याला,
की कधीच नाही?"
ती तेंदूचं पान कापता कापता विचारते,
"पुंटीकूर धरायचं का त्यात?"
मी अंबाडी लिहिते. किती वाट्या, विचारते.

वाटी म्हटल्यावर हसते.
वाटी नवऱ्याची, सासऱ्याची, मग दोन पोरांची.
माझ्याकडं यायचं ते भगुलं.
भगुल्याच्या बुडाशी भाकरीचा तुकडा फिरवला
तर किती ग्रॅम,
याला रकाना नाही.

प्रश्न चोविसावा, जीवनसत्त्व ड.
उन्हात किती वेळ असता?
बाहेर चव्वेचाळीस. पत्रा तडतडतोय.
आत बल्ब, आणि हजाराचा हिशेब.
उन्हानं पान कडक होतं, वळताना फाटतं,
म्हणून खिडकीला चादर,
मोराची, इथल्याच मागावरची, रंग गेलेली.
एवढं ऊन या गावाला फुकट,
आणि हिच्या रक्ताच्या कागदावर
ड पुढे आकडा नऊ.

"मग हे,"
ती हात छातीकडं नेत नाही,
पदर डावीकडं सपाट पडलाय तो तसाच,
"न खाल्ल्यानं झालं का?"

आम्हाला शिकवलंय,
कारण म्हणू नका, संबंध म्हणा.
आहे म्हणू नका, असू शकतो म्हणा.
फोलेटचं काही अभ्यासांत दिसतं,
काहींत दिसत नाही.
"असेलही," मी म्हणते, "नसेलही.
एकट्या भाजीवर नाही ठरत."
"कारखानदार छाट काढतो," ती म्हणते,
"शंभरातल्या दहा विड्या बाजूला.
का, विचारलं की असंच बोलतो."
दोरा गुंडाळते. दाताने तोडते.

शेवटचं पान.
जुळणीसाठी अजून एक बाई लागते:
हीच गल्ली, हेच वय, हेच काम,
फक्त आजार नको.
राजमणी मान न वळवता भिंतीकडं बोट करते.
"अनसूया चिलवेरी. पलीकडंच.
धडधाकट आहे.
पण बाई,
ती पण भगुलंच पुसती."

मी चपला घालते.
पलीकडच्या दाराशी, उन्हात,
कोरा तक्ता इतका पांढरा
की पहिला प्रश्न वाचता येत नाही.