व्हायलंय

पार्सल आलं ते कुरिअरवाल्यानं
तौफिक नदाफच्या गादीच्या दुकानात टाकलं,
कारण आमच्या स्टुडिओला पत्ता नाही.
उदगीर, बिदर रोड, दुकानाची मागची खोली:
तीन भिंतींना उभ्या केलेल्या गाद्या,
चौथीला लोकांनी न नेलेल्या ऑर्डरी,
त्यात कुणाच्या तरी मोडलेल्या सोयरिकीची
लाल साटीनची रजई.
इथं आवाज घुमत नाही.
कापूस पिऊन घेतो.

काळ्या फोमच्या खाचेत मायक्रोफोन.
साडेनऊ हजार, सहा हप्ते.
पैकी दोन माझे. एका कृषी सेवा केंद्राची वेबसाइट
फोनवर उघडली की तिचा मेनू घसरून
खताच्या पोत्यांवर पडायचा,
तो जाग्यावर बसवला, त्याचे.
सोबत ऑडिओ इंटरफेस: दोन गोल बटणं, एक हिरवा दिवा.
तौफिकनं दिव्याला बोट लावून बघितलं.
"गरम नाय गं," म्हणाला,
जरा नाराज झाल्यासारखा.

पहिली पाहुणी सोजरबाई केंद्रे.
मोटार रिवाइंडिंग, बावीस वर्षं.
तिनं माइक तळहातावर तोलला, जाळी कानाशी नेली.
"ह्याच्यात किती टर्न हायत?"
मी माहितीपत्रक चाळलं.
सगळं होतं त्यात, टर्न नव्हते.
"चुंबक हाय का?"
हाय.
"मंग मोटारच की. उलटी.
आपली करंट खाऊन फिरती,
ही बोलणं खाऊन करंट थुकती."

हेडफोन लावला तर मागं एक हुंऽऽऽ,
पातळ, सारखी, रागावून बसलेल्या माणसाची.
मी एक प्लगइन लावलं, दुसरं लावलं.
तिसऱ्याला हुं गेली
पण सोजरबाई पत्र्याच्या पिंपातून बोलायला लागली.
तिनं हेडफोन मागितला. ऐकला. उठली.
"अर्थिंगचा खड्डा कुठंय?"

दुकानामागं, शिलाई मशिनच्या मोडक्या स्टँडखाली,
खणखणीत कोरडा.
ती म्हणाली दोन बादल्या, मूठभर खडेमीठ.
नळ आठव्या दिवशी येतो.
तौफिकनं दुसऱ्या बादलीकडं क्षणभर बघितलं,
मग दिली.
माती फसफसली.
आत हुं खाली आली, अजून खाली,
मग नुसता सोजरबाईचा श्वास
आणि तिच्या बांगड्या. त्या तिनं काढून
लाल रजईवर ठेवल्या, न सांगता.

सत्तेचाळीस मिनिटं.
जळालेल्या कॉइलचा वास,
पहिलं गिऱ्हाईक, जे म्हणालं, मालकाला बोलवा.
आणि बोलताना तिची बोटं सारखी
हवेतच काहीतरी गुंडाळत होती,
ते रेकॉर्ड झालं नाही.

रात्री फाइल मजकूर करणाऱ्या टूलला दिली.
चार मिनिटांत सगळं उतरवून मोकळं,
स्वल्पविरामासकट.
फक्त, ती म्हणाली होती, "मी तार गुंडाळायले,"
त्यानं लिहिलं, "मी तार गुंडाळायला."
आणि वाक्य तिथंच सोडलं, दारात उभं.
पुढं एकदा "गुंडाळली" केलं.
म्हणजे काम एकतर व्हायचं राहिलंय
नाहीतर होऊन गेलंय.
बाई करायलीय,
आत्ता, हात चालू हायत,
हे त्याच्या व्याकरणात बसेना.

मी शब्द घालत बसले शब्दकोशात,
एकेक, बटण दाबून:
गुंडाळायले. बघायलाव. चालायलीय.
पुण्यात कॉलेजला असताना हेच शब्द
मी एकेक करून तोंडातून काढले होते,
कुणी सांगितलंही नव्हतं.
दीड वाजला. खालच्या लाल रेषा कमी होत गेल्या,
सगळ्या नाही.

तौफिक गादीवर आडवा,
डोळे मिटून विचारतो, झालं का.
स्क्रीनवर निळी पट्टी एकसष्ट टक्क्यांवर,
रेंज एक काडी, मग दोन,
मग परत एक.

व्हायलंय.