लेथ नंबर एकतीस

विट्याच्या एका मागवाल्यानं
टेम्पोत घालून परत पाठवला
आमचाच लेथ, साडेचार फुटी,
हेडस्टॉकच्या कानाशी ठोकलेला आकडा : ३१.
"बेड झिजलाय," म्हणाला, "चकाजवळ.
ग्राइंड करून द्या. गुरुवारपर्यंत."

माधवनगरात आज्जानं, आदगोंडा मगदूमनं,
आधी हळद पॉलिशचे ड्रम केले,
मग गुऱ्हाळाच्या चरकाचे दात,
मग कुणाचा तरी लेथ दुरुस्तीला आला
तो तीन आठवडे उशिरा परत केला.
तेवढ्यात उघडून, मोजून,
सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर उतरवून घेतला होता.
दसऱ्याला मशीनवर हार चढवताना
वडील ही गोष्ट दरवर्षी सांगतात
आणि दरवर्षी
आठवड्यांचा आकडा थोडा कमी होतो.

बीड ओतून आलं की
वर्षभर अंगणात टाकून द्यायचं.
तापू दे, आकसू दे,
ओतताना पोटात धरलेला राग निघून जाऊ दे,
मग हत्यार लावायचं.
चुलत आज्जानं वाटणी मागितली त्या साली
असे अकरा बेड अंगणात पडून होते.
वाटले. पाच आणि सहा.
सरफेस प्लेट तेवढी वाटता येईना.
ती आमच्याकडे राहिली,
बदल्यात म्हैस गेली.

एकतीस नंबर रॉकेलनं पुसला.
चकाजवळ नख अडकेल इतका खड्डा,
पण पार टोकाला, टेलस्टॉकखाली,
जिथे साठ वर्षांत काही चाललंच नाही,
स्क्रेपरचे घाव जसेच्या तसे :
ज्वारीच्या दाण्याएवढे, दाट, शांत,
सगळे उलट्या अंगाला कललेले.

वडील चष्मा कपाळावर ढकलून वाकले.
आज्जाचा हात नाही हा.
आज्जाचे घाव खोल, भांडल्यासारखे.
इस्माईल मिस्त्रींचे रुंद, ऐसपैस.
हा डावखुरा आहे.

घरात डावखुरं एकच माणूस होतं.
रत्नव्वा, आज्जाची बहीण.
डाव्या हातानं वाढते म्हणून
सासरच्या पंगतीतून उठवलेली,
दोन वर्षांत परत आलेली.
तिच्याबद्दल घरात दोनच गोष्टी सांगतात :
शेंगदाण्याची चटणी,
आणि रात्री झोप नव्हती तिला.

रात्री झोप नव्हती तिला.

मी जुनी हजेरीपुस्तकं काढली, वहीखात्यासकट.
दगडू, इस्माईल, बाबू तासगावकर.
हप्ता, उचल, सही, अंगठा.
ती कुठंच नाही.
फक्त किरकोळ खर्चात, दर महिन्याला,
आज्जाच्या खालमानेच्या अक्षरात :
खोबरेल तेल, बाटली एक.

लेथला खोबरेल तेल लागत नाही.

"पुसायलाच लागणार," वडील म्हणाले.
टोक तेवढं वगळून ग्राइंड होत नाही,
सरळ म्हणजे सगळं सरळ.
मग कितीतरी वर्षांनी त्यांनी
निळ्याची डबी स्वतः उघडली,
तळहातानं तो पातळ पसरला, टोकावर, वीतभर,
आणि माझ्याकडे कोरा कागद मागितला.
मी कोरा दिला नाही.
हजेरीचं पान दिलं, बाबू तासगावकरच्या खाली
चार ओळी रिकाम्या असलेलं.

भोवती निळं उमटलं,
घाव तेवढे पांढरे राहिले.

गुरुवारी टेम्पो आला.
मागवाल्यानं बेडवर हात फिरवला,
"आरसा झालाय," म्हणाला,
आणि पाचशे रुपये कमी करायला लावले.

आमचा निळा तेलातला असतो.
वाळत नाही.
ते पान मिटता येत नाही म्हणून
अजून टेबलावर उघडंच आहे,
वर एक जुनं बेअरिंग ठेवून.
बिलं करताना माझी बाही लागते त्याला.
आई विचारते, कशाचा डाग हा,
धुऊन जात नाही.